खालचा दम

गाडी लावून झाली. आता इंजिन बंद करा, पण लगेच उतरू नका. दिवे मालवा, काच चार बोटं खाली घ्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवा.

ऐका. बॉनेटखालून टिक, टिक असा बारीक आवाज येतो आहे. तापलेला एक्झॉस्ट निवतो आहे, लोखंड आकसतं आहे. हळूहळू दोन टिकटिकींमधलं अंतर वाढेल आणि मग सगळं शांत होईल. तोवर आपल्याला फक्त बसायचं आहे आणि विचार करायचा आहे. बॉनेट आज उघडायचं नाही. पान्याला हात लावायचा नाही. मोबाइलवर नवा पार्ट शोधायचा नाही. हा शेवटचा मोह सगळ्यात मोठा, म्हणून मोबाइल मागच्या सीटवर टाका.

तक्रार काय आहे ती मनात एकदा नीट म्हणा. गॅरेजच्या भाषेत म्हणायची तर "गाडी वर पळते, पण खाली मरते." चार हजार आरपीएमच्या पुढे इंजिन गातं, अंगावर काटा येतो. पण सिग्नल सुटल्यावर, स्पीडब्रेकर ओलांडल्यावर, घाटातल्या वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय दाबता आणि दोन हजारला ते नुसतं घुमतं. ओढत नाही. एक गिअर खाली टाकावा लागतो. कंपनीतून आली तेव्हा ही गाडी अशी नव्हती, हे तुम्हाला पक्कं आठवतं आहे.

आता एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका. हा खालचा दम गेला आहे की आपण दिला आहे?

गेला असेल तर कुठे तरी दोष आहे आणि तो सापडला की दम परत येईल. दिला असेल तर तो व्यवहार होता. वरची ताकद घेतली, खालची मोजली, पावती मात्र आपण वाचली नाही. मॉडिफाय केलेल्या इंजिनात बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतं आणि म्हणूनच माणूस चुकतो. दोष समजून व्यवहारावर पैसे घालतो, नाहीतर व्यवहार समजून दोष वर्षानुवर्षं सांभाळतो. मी दोन्ही केलं आहे.

समोर एक इंजिन असलं की विचार भरकटत नाही. मी माझंच घेतो. होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक, २००१ ची. जुन्या गाड्या हौसेने बांधणाऱ्या पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या मंडळींना या गाडीबद्दल वेगळं सांगायला नको. बोअर ७५ मिलिमीटर, स्ट्रोक ८४.५, एकूण १,४९३ सीसी, आणि ताकद १०६ बीएचपी. टर्बो नसलेल्या दीड लिटर इंजिनातून त्या काळी आपल्या रस्त्यांवर एवढं मिळणं ही मोठी गोष्ट होती. व्हीटेकची युक्ती होंडाने १९८९ साली जपानमध्ये इंटेग्रात प्रथम आणली. एकाच कॅमवर दोन स्वभावांचे उंचवटे: एक संथ चालीचा, एक पळण्याचा. खाली संथ उंचवटा व्हॉल्व्ह चालवतो. वर गेलं की तेलाच्या दाबाने छोट्या पिना सरकतात, रॉकर एकमेकांत अडकतात आणि पळणारा उंचवटा ताबा घेतो. म्हणजे खालचा दम आणि वरची ताकद यांत भांडण आहे हे ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनाच मान्य होतं. म्हणून तर त्यांनी दोघांना वेगळं घर दिलं.

आता तुमच्या स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या. मुद्दाम बदलू नका, नुसता पाहा. हवा आत येते, क्षणभर थांबते, बाहेर जाते. योगाच्या वर्गात याला पूरक, कुंभक, रेचक म्हणतात. आयटीआयच्या वर्गात सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. इंजिनाच्या दमाबद्दल जे काही बोलायचं ते अखेर इथेच येतं: आत किती आलं, आत किती टिकलं, कधी पेटलं आणि बाहेर किती मोकळं गेलं.

दोन हजार आरपीएमला क्रँकचा एक फेरा ३० मिलिसेकंदांत होतो. पिस्टनला वरून खाली येऊन हवा ओढायला त्यातले १५ मिळतात. ६,८०० आरपीएमला हेच काम साडेचार मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळात उरकावं लागतं. जरा थांबून हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. वर वेळ नाही, खाली वेळच वेळ आहे. वर हवेला वेग असतो. पिस्टन तळाशी पोचून परत फिरला तरी मागून धावत येणारी हवा आपल्याच झोकाने आत शिरत राहते. खाली तो झोक नसतो. पिस्टन वर निघाला आणि इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडाच असला, तर नुकती आत आलेली हवा आल्या वाटेने परत मॅनिफोल्डमध्ये जाते. घेतलेला श्वास धरायच्या आतच सुटतो.

इनटेक व्हॉल्व्ह नेमका कधी बंद होतो यावर खालच्या दमाचं बहुतेक सगळं गणित उभं आहे. पिस्टनने तळ सोडल्यावर क्रँक ४० अंश फिरल्यावर तो बंद झाला, तर पिस्टनने आपल्या वाटेतला साधारण ८ टक्के भाग गमावलेला असतो. तोच ६० अंशांवर बंद झाला तर जवळजवळ १९ टक्के. पिस्टन तेच, सिलिंडर तेच, कागदावरचं कॉम्प्रेशनही तेच. पण दाबायला हाताशी असलेली हवा साधारण एक अष्टमांशाने कमी. जास्त ड्युरेशनचा कॅम बसवला की हेच होतं. मोठा कॅम खाली दम देत नाही म्हणतात ते यामुळे, आणि त्यावर कुठलाही मोठा इंजेक्टर किंवा भारी प्लग उतारा नाही.

आता आकड्यांचा आणखी एक क्षण. टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ७१६ ने भागा; येते ती अश्वशक्ती. दोन हजारला ११ किलोग्रॅम-मीटर असतील तर चाकाकडे निघते ती ३१ अश्वशक्तीहूनही थोडी कमी. १०६ ची गाडी आपण विकत घेतली, पण रोजच्या रस्त्यावर हाताशी असते ती तीस! त्यातली १५ टक्के गेली म्हणजे साडेचार. डायनोच्या कागदावर हा फरक रेघेच्या जाडीएवढा दिसतो आणि वर मिळालेले आठ-दहा मोठ्या अक्षरांत. पायाला मात्र त्या साडेचारांची उणीव दर सिग्नलला बोचते. तेव्हा कुणी म्हणालं की "तुला भास होतोय, कागदावर बघ किती वाढलीय," तर पायावर विश्वास ठेवा. पाय खोटं बोलत नाही. फक्त कारण काय ते त्याला सांगता येत नाही.

कारणाकडे जाऊ. मनातल्या मनात गाडी कंपनीतून आली त्या दिवशी परत न्या. तिच्यात तुम्ही काय काय बदललंत ते एकेक आठवा, ज्या क्रमाने बदललंत त्याच क्रमाने. आणि प्रत्येक बदलानंतरची पहिली फेरी आठवा. खाली मरायला लागली ती नेमकी कधीपासून? दहा वेळा विचारून पाहिलं आहे, बहुतेकांना हे सांगता येत नाही, कारण तीन-चार कामं एकाच शनिवार-रविवारात उरकलेली असतात. माझंही तसंच होतं. हेड उतरवून फेसिंग करून घेतलं, फोर-वन हेडर लावला, मागे सव्वादोन इंची पाइप ओढला, एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर बसवला. कॅम मात्र कंपनीचाच ठेवला. चार बदल आणि सगळे एकाच खेपेला. पुढे जे झालं त्याचं मूळ या घाईत होतं.

पाइपपासून सुरुवात करा, कारण संशय पहिल्यांदा तिथेच जातो. "बॅक प्रेशर गेलं, म्हणून खालचा दम गेला" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, म्हटलंही असेल. ते सोडून द्या. इंजिनाला अडवणूक कधीच नको असते. त्याला हवा असतो वेग. बारीक पाइपमधून जळका वायू झपाट्याने जातो आणि जाताना मागे पोकळी सोडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटता मिटता आणि इनटेक उघडता उघडता, दोन्ही दारं किलकिली असतात त्या क्षणी, ती पोकळी नव्या हवेला आत ओढून घेते. रेचकाने पूरकाला हात दिल्यासारखं. पाइप जाड केला की खालच्या आरपीएमला वायू त्यात रेंगाळतो आणि हा हात सुटतो. फोर-टू-वन हेडरमध्ये चार नळ्या आधी दोन होतात, मग एक. हा हात मधल्या आणि खालच्या आरपीएमला मिळावा अशी ती रचना. फोर-वनमध्ये चारही थेट एकत्र येतात आणि लाभ वर सरकतो. इनटेककडेही तेच: लांब आणि बारीक नळी खाली भरते, आखूड आणि रुंद नळी वर. इथे जे कमी झालं ते गेलेलं नाही. ते आपण दिलं आहे.

उघड्या फिल्टरचं वेगळं आहे. आवाज सुरेख येतो, पण फिल्टर नेमका एक्झॉस्टच्या गरम हवेत बसला असेल तर इंजिन बॉनेटखालचीच भाजलेली हवा ओढतं. हवा ३० अंशांऐवजी ६० अंशांची झाली की तिची घनता नऊ टक्क्यांच्या आसपास उतरते. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगल्यावरच गाडी मरत असेल आणि सकाळी सहाला ठीक असेल, तर आधी इथे बघा. बाहेरून थंड हवा आणणारी एक नळी आणि पत्र्याचा एक आडोसा, एवढं पुरतं.

इथे थांबा. एक दीर्घ श्वास घ्या. टिकटिक अजून येते आहे का?

आता गळतीचा विचार करू. गळती म्हणजे निव्वळ दोष, तिच्यात व्यवहार काही नाही. आणि खाली वेळच वेळ असतो हे मघाचं इथे कामी येतं. व्हॉल्व्ह नीट टेकत नसेल, गॅसकेट कुठे फुंकत असेल, रिंगा सैल असतील, तर ६,८०० ला निसटायला सवड मिळत नाही, पण दोन हजारला भरपूर मिळते. म्हणून जो दोष वर झाकला जातो आणि खाली उघडा पडतो, तो पुष्कळदा गळतीचा असतो. टॅपेट घट्ट राहिले असतील तर हेच. या इंजिनात इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ एवढी फट लागते. फिलर गेजची पाती जाताना किंचित धरली पाहिजे, अडता कामा नये. टॅपेट वाजले की लोक घाबरतात आणि मिस्त्रीला "आवाज बंद करा" म्हणून सांगतात. मिस्त्री आवाज बंद करतो. इंजिन शांत होतं आणि व्हॉल्व्ह पुरते मिटेनासे होतात. थोडा वाजणारा टॅपेट परवडला.

व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर तुम्ही कुठे राहता ते विसरू नका. धडधाकट, कंपनीच्या कॅमचं इंजिन आयडलला समुद्रकाठी १८ ते २१ इंच दाखवतं. पुणे ५६० मीटरवर आहे. इथे सुमारे दोन इंच कमीच दिसणार. त्यात गळती शोधत बसू नका. मुंबईची गाडी पुण्यात आली की तिच्या वाट्याची सहा-साडेसहा टक्के हवाही कमी होते, आणि महाबळेश्वरला पोचेपर्यंत पंधरा टक्क्यांच्या आसपास. सुई मात्र स्थिर हवी. ती ठराविक तालात फडफडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बोलतो आहे.

कॅम मोठा असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही सहसा कुणी सांगत नाही. अशा इंजिनाचा आयडलचा व्हॅक्यूम मुळातच कमी असतो. गाडीचा कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधला दाब मोजून इंजिनावर किती भार आहे हे ठरवणारा असला, तर तो फसतो. ड्रायव्हरने थ्रॉटल जास्त उघडलं आहे असं त्याला वाटतं. तो पेट्रोल वाढवतो आणि स्पार्क मागे घेतो. प्लग काळे पडतात, खाली इंजिन गुदमरतं. कॅम बदलून मॅपिंग जुनंच ठेवणं म्हणजे नवा चष्मा दुसऱ्याच्या नंबरने करणं. वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण वाचल्याशिवाय इथे अंदाज करू नये. आणि सेन्सरच्या आधी हेडरच्या जोडाला गळती असेल तर तो सेन्सरही खोटं वाचतो. बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ दिसतं. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर जोडाशी फक-फक असा आवाज येतो का ते ऐकायचं. तापलं की तो जोड फुगून मिटतो आणि चोर सापडत नाही.

पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तफावत भरून काढतो. पाय पुरता दाबला की जुन्या गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरकडे बघत नाही, कोष्टक बघतो. जुन्या मॅपिंगची गाडी अशा वेळी पातळ चालते. हे लक्षात घ्या, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. पंप बदलल्याच्या दिवशी तक्रार सुरू झाली असेल तरच तो पहिला संशयित.

इंजिनाबाहेरही एक नजर टाका. हलकं फ्लायव्हील बसवलं असेल तर रेस झटकन चढते, पण जागेवरून निघताना साठवलेला झोक कमी पडतो. चाकं मोठी आणि जड केली असतील तर गिअरिंगच बदललं. यांत इंजिनाचा दोष नाही.

आता मी कुठे चुकलो ते सांगतो.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात, तिसऱ्या गिअरला, वळणातून बाहेर पडताना आधी जी गाडी गुपचूप चढायची ती दोन हजारला अक्षरशः विनवण्या करायला लावत होती. मी ठरवलं, पाइप जाड झाला. सव्वादोन काढून दोन इंची ओढून घेतला. पैसे गेले, फरक नाही. मग प्लग, मग वायरी, मग इंजेक्टर साफ करून घेतले. फरक नाही. सहा महिने मी "दिलं" असं समजून "गेलं" सांभाळत होतो.

शेवटी एका वयस्कर फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी गाडी चालवली नाही. बॉनेट उघडलं, कंबरेत वाकले आणि टॉर्च मारला तो डिस्ट्रिब्युटरवर. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकाला बसतो, कॅम त्याला फिरवतो. तो पकडणारे बोल्ट लांबट खाचांमध्ये असतात. टायमिंग जुळवायचं तर बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे-तिकडे फिरवायचा. सहसा बोल्ट खाचेच्या मधोमध असतात. माझे अगदी टोकाला टेकले होते. खाचेत बाजूला नवा चकचकीत धातू दिसत होता, जिथे वर्षानुवर्षं वॉशर बसलेला होता ती जागा आता उघडी पडली होती.

"हे एवढं फिरवायला का लागलं?" काकांनी विचारलं. मला नाही. स्वतःलाच.

नंतर त्यांनी चारही प्लग काढून प्रेशर घेतलं. १५४, १५६, १५५, १५४ पीएसआय. मी म्हणालो, चारही सारखे आहेत, म्हणजे इंजिन चांगलंय. ते म्हणाले, "सारखे आहेत, पण सगळेच कमी आहेत. हेड फेसिंग केलंत ना तुम्ही? मग वाढायला पाहिजेत." रिंग किंवा व्हॉल्व्ह गेला असता तर एखादाच सिलिंडर मागे पडला असता. चौघांना एकाच वेळी एवढंच कमी पडतं तेव्हा चौघांच्या वर जो आहे तो चुकलेला असतो. कॅम.

व्हॉल्व्ह कव्हर आणि टायमिंगचं वरचं कव्हर निघालं. क्रँकच्या पुलीवरची पांढरी खूण, जी पिस्टन माथ्यावर आल्याची, ती दर्शकासमोर आणली. इग्निशनच्या तीन खुणांचा जो वेगळा गट असतो त्याच्याशी तिची गल्लत करायची नाही, हे काका तोंडाने म्हणत होते, नियम पाठ म्हणावा तसं. कॅमच्या पुलीवर ‘अप’ अक्षरं वर असतात आणि दोन बाजूंच्या दोन रेघा हेडच्या कडेला समपातळीत यायला हव्यात. त्या आल्या नाहीत. एक बाजू किंचित वर, दुसरी किंचित खाली. बेल्ट एक दात मागे चढला होता.

एक दात. पुलीवर दात चाळीसच्या आसपास धरले तर कॅमचे नऊ अंश, म्हणजे क्रँकचे अठरा. मघाचे आकडे आठवा: ४० अंशांवर मिटायचा तो व्हॉल्व्ह ५८ वर मिटत होता. कंपनीच्या कॅमला मी नकळत रेसिंग कॅमसारखं उशिरा दार लावायला शिकवलं होतं, आणि रेसिंग कॅमची उंची मात्र त्याला नव्हती. डिस्ट्रिब्युटरही कॅमबरोबर मागे गेला, म्हणून टायमिंग लाइटने स्पार्क जुळवताना आधीच्या मिस्त्रीला तो टोकापर्यंत फिरवावा लागला. त्याने तो फिरवला आणि विचार केला नाही. त्या दिवशी मी शेजारी उभा राहून दर दहा मिनिटांनी "किती वेळ?" विचारत होतो, हेही खरं आहे. शिवाय फेसिंगमुळे हेड खाली येतं, बेल्टचा ताणाचा पदर आखूड होतो आणि कॅम अगदी थोडा आणखी मागे सरकतो. अर्धा मिलिमीटर घासलं तर क्रँकचा साधारण एक अंश. तेवढ्यासाठी अॅडजस्टेबल कॅम पुली मिळते, पण आधी दात बरोबर हवा.

बेल्ट नीट चढवल्यावर प्रेशर १७६ ते १७८ आलं. डिस्ट्रिब्युटरचे बोल्ट खाचेच्या मध्ये आले. खंबाटकीत गाडी चढली.

पण पूर्वीसारखी नाही चढली. बरीचशी, पूर्ण नाही. उरलं होतं ते फोर-वन हेडरचं होतं, आणि ते गेलेलं नव्हतं, मी दिलं होतं. दोष निघून गेल्यावरच व्यवहाराची किंमत स्वच्छ वाचता आली. मी हेडर काढला आणि फोर-टू-वन लावला. ट्रॅकवर जाणाऱ्याने माझं ऐकू नये. त्याचं इंजिन पाच हजारच्या खाली येतच नाही, त्याने वरचंच घ्यावं. पण जी गाडी आठवड्याचे सहा दिवस कात्रज ते शिवाजीनगर जाते तिचं आयुष्य पंधराशे ते तीन हजारांत जातं, आणि तिथे दम काढून घेणं म्हणजे तिच्यावर अन्याय करणं, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या गाडीकडे परत या. टिकटिक थांबली असेल. बदलांची यादी मनात आहे. त्यातलं दिलेलं काय आणि गेलेलं काय, याची ढोबळ वाटणी झाली असेल. नसेल तरी चालेल. उद्या मोकळा, सरळ चढ शोधा, ज्यावर माणसांची वर्दळ नाही. तिसऱ्या गिअरला पंधराशेवरून पाय पूर्ण दाबून साडेतीन हजारपर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसाला मोजायला सांगा. तीनदा मोजा, वहीत लिहा, हवा किती गरम होती तेही लिहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच चढावर, त्याच वेळेला परत मोजा. एका खेपेला एकच. एवढं पाळलंत तर माझे सहा महिने तुमचे जाणार नाहीत.

बॉनेट उघडाल तेव्हा आधी डिस्ट्रिब्युटरचे बोल्ट खाचेत कुठे आहेत ते नुसतं बघा. त्याला पाना लागत नाही. मग चारही सिलिंडरचं प्रेशर. मग टॅपेट. पण टॅपेट पूर्ण थंड इंजिनावरच मोजायचे असतात आणि तुमचं इंजिन अजून कोमट आहे. तेव्हा काच वर घ्या, गाडीला कुलूप लावा आणि झोपायला जा. सकाळी चहाच्या आधी, गाडी सुरू न करता, फिलर गेज घेऊन या.